नाणेघाट : दगडात उरलेली पावले

सुट्टी जवळ आली की घराघरांत एकच विषय निघतो, यंदा मुलांना कुठे न्यायचे? चैत्यभूमी आणि दीक्षाभूमीला आपण जातोच. जमेल तसे कान्हेरी, कार्ले, वेरूळही पाहून येतो. पण दाराशी असलेली जागा मात्र पाहायची राहून जाते. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांसाठी अशी एक जागा म्हणजे नाणेघाट. माळशेजच्या रस्त्यावर वैशाखरे गावाजवळ उतरावे, जंगलातून चढावे आणि दोन हजार वर्षांपूर्वी दगडात कोरलेला मजकूर डोळ्यांनी पाहावा. खर्च म्हणाल तर एसटीचे तिकीट आणि घरची भाकरी.

गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी शहापूर आणि मुरबाडची मिळून आम्ही पाच कुटुंबे या सहलीला गेलो. बायामाणसे, पोरेसोरे धरून तेवीस जण होतो. सगळ्यांत लहान सहा वर्षांची, सगळ्यांत मोठी आमची आत्या, वय बहात्तर. शहापूरकर पहाटे साडेपाचला निघाले, किन्हवलीमार्गे सरळगावला आले. मुरबाडकर तिथे वाट पाहत उभेच होते. जयभीम झाला, गाड्या मोजल्या, माणसे मोजली आणि टोकावड्याला चहा घ्यायचे ठरवून पुढे निघालो.

डोळ्यांवर बांधायचा ग्रीस

या सहलीत एक नवी वस्तू आमच्याबरोबर होती. आमच्यातला एक पुतण्या कल्याणला कॉम्प्युटरच्या दुकानात काम करतो. त्याने डोळ्यांवर बांधायचा एक डबा आणला होता. इंग्रजीत त्याला व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा चष्मा म्हणतात, मराठीत आभासी वास्तव. टोकावड्याच्या चहाच्या टपरीवर तो डबा या डोक्यावरून त्या डोक्यावर फिरला.

त्यातली करामत समजायला अवघड नाही. माणसाचे दोन डोळे एकच वस्तू थोड्या वेगळ्या कोनांतून पाहतात. मेंदू त्या दोन चित्रांची सांगड घालतो, म्हणून आपल्याला जवळचे जवळ आणि लांबचे लांब दिसते. या डब्यात दोन भिंगे असतात आणि त्यांच्यामागे दोन चित्रे, एक उजव्या डोळ्यासाठी, एक डाव्या. आपण मान फिरवली की आतल्या यंत्राला ते कळते आणि चित्रही तेवढेच फिरते. मग मेंदू फसतो. आपण टपरीच्या बाकड्यावर बसलेले असतो आणि वाटते की एखाद्या राजवाड्याच्या अंगणात उभे आहोत. २०१४ साली गूगल कंपनीने साध्या पुठ्ठ्याचे असे खोके काढले होते, त्यात आपलाच मोबाइल बसवायचा. पुढे कंपनीने ते विकणे थांबवले, पण तशी साधी खोकी अजूनही बाजारात थोड्या पैशांत मिळतात. महागड्या चष्म्यांची गोष्ट वेगळी.

पुतण्याच्या डब्यात ग्रीस देशातल्या ऑलिंपियाची फिल्म होती. ऑलिंपिक खेळांचा उगम जिथे झाला ते हे ठिकाण. तिथे जवळच काताकोलो नावाचे बंदर आहे. मोठमोठी प्रवासी जहाजे सकाळी तिथे लागतात, उतारू बसने ऑलिंपियाला जातात, दिवसभर अवशेष पाहतात आणि संध्याकाळी पुन्हा जहाजावर चढतात. बघायला काय असते? पडलेले खांब. झ्यूस या त्यांच्या देवाचे मंदिर इ. स. पूर्व पाचव्या शतकात बांधले होते. आत फिडियस नावाच्या शिल्पकाराने घडवलेली सोने आणि हस्तिदंताची सुमारे बारा मीटर उंच मूर्ती होती. मूर्ती कधीच नाहीशी झाली आणि सहाव्या शतकातल्या भूकंपांनी खांबही आडवे केले. म्हणून २०२१ साली ग्रीसच्या संस्कृती मंत्रालयाने मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या मदतीने त्या साऱ्या परिसराची पूर्वीच्या रूपातली चित्रे तयार केली. पडक्या दगडांसमोर उभे राहून मोबाइल धरला की त्यावर उभे मंदिर दिसते.

टोकावड्याच्या टपरीवर आमच्या पोरांनीही ते मंदिर पाहिले. वर पाहताना एकाची मान इतकी मागे गेली की बाकड्यावरून पडता पडता वाचला. नंतर तोच म्हणाला, "काका, हे असे घरबसल्या दिसते, तर डोंगर चढायचा कशाला?"

प्रश्न योग्य होता. आम्ही त्याला उत्तर दिले नाही. म्हटले, आधी चढू, मग बोलू.

चढण

आत्याचे गुडघे चालत नाहीत. तरुणपणी तिने वीटभट्टीवर डोक्याने विटा वाहिल्या, आता पायऱ्या दिसल्या की ती हात टेकते. तिला आणि तिच्या सोबतीला दोन बायकांना वैशाखऱ्यात ओळखीच्या घरी बसवले. आत्या म्हणाली, "जा तुम्ही. पण वर पानी हाय का, ते बघून या." तिने राजाराणीचे काही विचारले नाही.

रस्त्यापासून वाट जंगलात शिरते. साग, ऐन, करवंदीच्या जाळ्या, मध्येच कोरडा ओढा. पहिला तासभर चढ बेताचा आहे. मग डोंगर अंगावर येतो. वाटेत दगडाच्या पायऱ्या लागतात, काही रचलेल्या, काही कातळातच खोदलेल्या. पायांनी घासून त्यांच्या कडा गोल झाल्या आहेत. किती पायांनी घासल्या असतील याचा हिशेब करू लागलो तर डोके फिरेल. वरून एक ठाकर बाई डोक्यावर टोपली घेऊन झपझप उतरत आली. आम्ही धापा टाकत बाजूला झालो. ती हसली आणि म्हणाली, "हळू या, घाट कुठं पळत नाय."

लहान मुलांना घेऊन थांबत थांबत आम्हाला तीन तास लागले. समुद्रसपाटीपासून घाटमाथा सुमारे आठशे मीटर उंच. माथ्याच्या अगदी खाली, वाटेला लागूनच मोठी लेणी आहे आणि तिच्या आसपास कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत.

भिंतीवरचे अधिकचे चिन्ह

नाणेघाटाची लेणी भिक्खूंची नव्हे. इथे चैत्य नाही, स्तूप नाही. ही सातवाहन राजघराण्याने घाटाच्या तोंडावर खोदवलेली मोठी चौकोनी खोली आहे. तिचा काळ अभ्यासक इ. स. पूर्व दुसरे ते पहिले शतक असा मानतात. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत लांबलचक लेख आहे. १८२८ साली साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याकडे जगाचे लक्ष वेधले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्यातल्या आकड्यांचा कसून अभ्यास केला. आपल्या देशात अंक लिहिण्याची जी जुनी पद्धत होती तिचा फार महत्त्वाचा पुरावा या भिंतीवर आहे. आज जगभर जे आकडे वापरतात त्यांचे पूर्वज मुरबाडच्या डोंगरावर कोरलेले आहेत, हे आमच्या नववीतल्या मुलीला शाळेत कोणी सांगितले नव्हते.

तिला आम्ही घरीच चार अक्षरे शिकवून आणली होती. ब्राह्मी दिसायला परकी वाटते, पण तिची सुरुवात अगदी सोपी आहे. गणितातले अधिकचे चिन्ह म्हणजे 'क'. नुसते वर्तुळ म्हणजे 'ठ'. वर्तुळात टिंब दिले की 'थ'. सरळ उभी रेघ म्हणजे 'र', आणि आडव्या रेघेवर उभी रेघ ठेवली की 'न'. मुलीने भिंतीजवळ जाऊन, हात न लावता, अधिकची चिन्हे शोधायला सुरुवात केली. एक सापडले, दुसरे सापडले, मग बाकीची पोरे जमली आणि भिंतीपुढे शर्यतच लागली. ज्या लिपीत सम्राट अशोकाने दगडावर धम्म लिहिला, तीच ही लिपी. सोपाऱ्याला, म्हणजे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात, अशोकाच्या आज्ञेचा तुकडा १८८२ साली मिळाला तोही याच लिपीतला.

लेखात काय आहे तेही सांगायला हवे, कारण आपली माणसे कधी कधी जुना लेख म्हटला की तो बौद्धच असणार असे धरून चालतात. हा लेख सातवाहन राणी नागनिका हिचा आहे. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे. पुढे राजाने केलेल्या वैदिक यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी आहे. गायी हजारांनी, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापण नावाची नाणी. यज्ञ किती मोठे होते हे दाखवण्यासाठीच आकडे कोरले. पण ज्यांच्या श्रमातून ती संपत्ती आली त्यांचा आकडा भिंतीवर नाही.

समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे कोरलेले होते. आज ते नाहीत. कुठे पावलांची खूण, कुठे नुसता ओबडधोबड कातळ. वर मात्र नावे शाबूत आहेत. घराण्याचा मूळपुरुष राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका म्हणजे नागनिका आणि राजा श्री सातकर्णी, कुमार भाय, एक महारठी सरदार, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. माणसे गेली, त्यांचे दगडी देहही गेले, पावलांच्या खुणा आणि नावांच्या पाट्या उरल्या.

सहा वर्षांच्या पोरीने विचारले, "यांना कोणी तोडले?" आम्ही म्हणालो, ऊन, पाऊस, वारा आणि माणसे. पुतण्याने डबा पिशवीतून काढला नाही. तो त्या पावलांकडे बराच वेळ पाहत होता. मग म्हणाला, "याचीही फिल्म करता येईल. पण तोंडे कोणाची लावायची?"

जहाजे आली ती इथेच

ऑलिंपियाची फिल्म पाहून आलेल्या पोरांना आम्ही तिथे एक गोष्ट सांगितली. आजचे प्रवासी जहाजाने ग्रीसला उतरून अवशेष पाहतात. दोन हजार वर्षांपूर्वी उलट होते. ग्रीक बोलणारे व्यापारी जहाजाने आपल्याकडे येत होते आणि आपली बंदरे पाहत होते. पहिल्या शतकात एका नाव न सांगणाऱ्या व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत समुद्रप्रवासाची माहिती देणारे पुस्तक लिहिले. त्याला पेरिप्लस म्हणतात. त्यात सोपारा आहे आणि आपले कल्याणही आहे, 'कल्लिएना' या नावाने. तो लिहितो की आधीच्या सातकर्णीच्या काळात कल्याण ही रीतसर बाजारपेठ होती. पुढे सत्ता बदलली, तिथे अडवणूक सुरू झाली आणि तिकडे येणारी ग्रीक जहाजे पहारा लावून भडोचला नेली जाऊ लागली. त्याच पुस्तकात पैठणचाही उल्लेख आहे.

कल्याण आणि सोपाऱ्याचा माल पैठणला जायचा तर मध्ये सह्याद्रीची भिंत. त्या भिंतीतली एक मोठी वाट म्हणजे नाणेघाट. घाट चढला की घाटघर, मग जुन्नर, मग पुढे पैठण. घाटमाथ्यावरच्या अरुंद खिंडीतून बाहेर पडले की दगडाचा एक मोठा रांजण दिसतो. जकातीची नाणी त्यात टाकत, म्हणून नाव नाणेघाट, असे लोक सांगतात. रांजणात डोकावायला पोरांनी रांग लावली. आत एक चॉकलेटचा कागद होता. तो आम्ही उचलला.

आता हे यवन, म्हणजे ग्रीक, नुसते माल विकून परत गेले का? नाही. नाणेघाटापासून तीसेक किलोमीटरवर जुन्नरला दीडशेहून अधिक लेणी आहेत, मानमोडी, शिवनेरी, तुळजा, लेण्याद्री अशा डोंगरांत विखुरलेली. जुन्नरच्या लेखांत तीन यवन दाते आहेत. एकाचे नाव इरिल. त्याने दोन पाण्याची टाकी दान दिली. लेखात टाक्याला पोढी म्हटले आहे. दुसरा चिट. त्याने भिक्खुसंघाला भोजनाचा मंडप दिला. तिसरा चंद. त्याने मानमोडीच्या चैत्याच्या दर्शनी भागाचे दान केले. लेण्याद्रीचा मोठा चैत्य कोणी दिला? कल्याणच्या सुलसदत्ताने, हेरणिकाच्या मुलाने. हेरणिक म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार पाहणारा. राजे यज्ञांचे आकडे कोरत होते तेव्हा आणि त्यानंतर, याच मुलखातले व्यापारी आणि कारागीर लेणी देत होते, टाकी खोदत होते. जुन्नरच्या लेखांत वेळूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणी, म्हणजे त्यांचे संघ, नावानिशी येतात. लोक त्यांच्याकडे विश्वासाने ठेवी ठेवत. सूप-टोपल्या विणणाऱ्या हातांची त्या काळी एवढी पत होती.

आणखी एक गोष्ट. सिंहलद्वीपाचा महावंस हा पाली ग्रंथ सांगतो की अशोकाच्या काळात तिसऱ्या संगीतीनंतर निरनिराळ्या देशांत भिक्खू पाठवले गेले. अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, जो भिक्खू आला त्याचे नाव योनक धम्मरक्खित. योनक म्हणजे ग्रीक. ज्या मुलखात तो आला त्याच मुलखात आपण राहतो. ग्रीस आपल्याला वाटते तेवढे परके नाही.

फिल्ममध्ये न दिसलेले

भाकऱ्या सोडल्या तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, ठेचा, उकडलेली अंडी. समोर जीवधन किल्ला, खाली कोकण, बाजूला नानाचा अंगठा नावाचा सुळक्यासारखा कडा. तिथे मग सकाळच्या प्रश्नावर बोलणे झाले.

आम्ही पोरांना विचारले, ऑलिंपियाच्या फिल्ममध्ये काय काय दिसले? मंदिर, मूर्ती, मैदान, सगळे झगमगीत. मग आम्ही विचारले, तिथे खेळायला कोणाला परवानगी होती ते दिसले का? ते कोणालाच ठाऊक नव्हते. त्या खेळांत फक्त स्वतंत्र ग्रीक पुरुष उतरू शकत. गुलामांना मज्जाव होता. लग्न झालेल्या बायकांना तर खेळ पाहायलाही बंदी होती. मैदानाच्या बाहेर थांबलेली माणसे फिल्ममध्ये नव्हती. ज्यांनी ते प्रचंड खांब ओढले तेही नव्हते.

एक वहिनी म्हणाल्या, "इथे तरी राणीचे नाव भिंतीवर आहे." खरे आहे. नागनिकेचे नाव राजाच्या नावाबरोबर कोरलेले आहे आणि ती काही साधी गोष्ट नाही. पण कातळ फोडणारा पाथरवट, घाट चढणारे बैल, त्यांच्यामागचा तांडेल, ओझे वाहणारी बाई यांची पाटी इथेही नाही. जे कोरले गेले तेच आज वाचता येते. ज्याने कोरून घेतले त्याला जे सांगायचे होते तेच कोरले गेले.

उद्या कोणी नाणेघाटाची अशी फिल्म जरूर करील. करावीच. पण ती कोण करील? पुतळ्यांना तोंडे कोण देईल? घाटातून चढणाऱ्या गर्दीत कोणाला दाखवील आणि कोणाला गाळील? ऑलिंपियाच्या मूर्तीबद्दल निदान जुन्या ग्रीक प्रवाशांनी लिहून ठेवले आहे, नाण्यांवर तिचे चित्र आहे. इथे तसे काही नसेल तिथे चित्रकार आपल्या डोक्याने भरणार. चष्म्यातले चित्र इतके खरे वाटते की तो अंदाज आहे हे पाहणारा विसरतो. पडका दगड मात्र प्रामाणिक असतो. जेवढे उरले तेवढेच दाखवतो आणि बाकीचे विचारायला लावतो. डोंगर चढायचा तो यासाठी. आपल्या मुलांनी दगड आधी पाहिलेला असेल, अधिकचे चिन्ह म्हणजे 'क' हे त्यांना ठाऊक असेल, तर उद्याची फिल्म पाहताना ती विचारतील की हे कशावरून? आणि त्यांच्यातलेच कोणी उद्या ती फिल्म बनवायलाही बसेल. पुतण्या हे सारे ऐकत होता. तो एवढेच म्हणाला, "मग मी टाक्याचे फोटो काढतो. आत्याने तेच विचारलेय."

पाणी

पाण्याचे सांगायचे तर, टाक्यात पाणी होते. दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी वाटसरूंसाठी कातळ खोदला आणि पावसाचे पाणी तिथे अजून साठते. पुतण्याने टाक्याजवळ उभे राहून एका जागी गोल फिरत फोनने एकामागून एक फोटो काढले आणि फोनमधल्या सोयीने ते जोडले. आमच्यातल्या एकाने बाटलीत ते पाणी भरून घेतले.

उतरायला दोन तास लागले. वैशाखऱ्यात अंगणातल्या बाजेवर आत्याच्या डोळ्यांवर डबा बांधला. आत्या आधी घाबरली, मग मान फिरवू लागली. डावीकडे कातळ, उजवीकडे दरी, पायाशी टाके. तिने हात पुढे केला आणि बोटे हवेत बुडवली. सगळे हसले, ती हसली नाही. "गोड हाय का?" तिने विचारले. डब्याला ते सांगता येईना. मग बाटली तिच्या हातात दिली. तिने ओंजळीत थोडे पाणी घेतले, डोळ्यांना लावले आणि म्हणाली, "थंड हाय." थोड्या वेळाने म्हणाली, "ज्यानं खणलं त्याचं भलं झालं असंल."

आत्या शहापूर तालुक्यातली. या तालुक्याने मुंबईला पाणी दिले. तानसा धरण १८९२ चे, पुढे भातसा झाले, आणखीही झाली. मोठमोठे नळ आपल्या गावांजवळून मुंबईला जातात आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर बाया टँकरची वाट पाहतात. आत्याने जन्मभर हेच पाहिले. पाणी कोणाच्या वाट्याला येते आणि कोणाच्या नाही, हा प्रश्न आपल्या समाजाला कोणी शिकवावा लागत नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी ओंजळ भरली ती याच प्रश्नावर. म्हणून इरिल नावाच्या परमुलखातल्या माणसाने जुन्नरला दोन टाकी दिली हे ऐकून आत्याने त्याचे नाव दोनदा विचारून घेतले. राजांची नावे तिने विचारली नाहीत.

त्या डब्याला आम्ही नावे ठेवत नाही. ज्यांचे पाय थकले, ज्यांना अंथरुणावरून उठता येत नाही, अशांना त्याने टाके दाखवले तर ते मोठेच काम आहे. आपल्या घरांतल्या किती म्हाताऱ्या माणसांनी कान्हेरी, अजिंठा पाहिलेले नाही! तरुण मुलांनी सुट्टीत लेण्यांचे असे फोटो काढून आणावेत आणि रविवारी विहारात ज्येष्ठांना दाखवावेत. त्यासाठी महागडा चष्मा लागत नाही. पण ज्यांना चालता येते त्यांनी चालावे.

जाणाऱ्यांसाठी

नाणेघाटाचा पायथा कल्याण-मुरबाड-माळशेज रस्त्यावर आहे. कल्याणहून जुन्नर, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या बाजूला माळशेजमार्गे जाणाऱ्या एसटीने यावे आणि कंडक्टरला नाणेघाटाचा पायथा सांगून ठेवावा. शहापूर, आसनगावकडून येणाऱ्यांनी किन्हवलीमार्गे सरळगाव गाठावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात घाट फार सुंदर दिसतो, पण पायऱ्या निसरड्या होतात, ओढ्याला अचानक पाणी येते आणि धुके असले की वाट दिसत नाही. लहान मुले घेऊन तेव्हा जाऊ नये. सकाळी लवकर चढावे आणि अंधार पडण्याआधी खाली यावे. माणशी दोन लिटर पाणी बरोबर घ्यावे. टाक्यातले पाणी प्यायचे झाल्यास उकळून प्यावे. चपलांऐवजी बूट घालावेत. ज्यांना चढता येत नाही ते जुन्नरहून घाटघरमार्गे गाडीने माथ्यापर्यंत येऊ शकतात. वेळ असेल तर एक मुक्काम करून जुन्नरची लेणीही पाहावीत.

लेणीत भिंतीला हात लावू नये, अक्षरांवर खडू किंवा पाणी फिरवू नये. हल्ली फोटोत अक्षरे उठून दिसावीत म्हणून लोक असे करतात आणि दोन हजार वर्षे टिकलेली अक्षरे झिजतात. कातळावर आपले नाव लिहू नये. प्लास्टिक खाली आणावे. जाण्यापूर्वी मुलांना ब्राह्मीची पाच अक्षरे शिकवावीत, एका संध्याकाळी होते. वहीत त्यांना दिसेल ते काढू द्यावे.

आमच्या नववीतल्या मुलीने परत येताना गाडीत वहीच्या शेवटच्या पानावर ब्राह्मीत एक नाव लिहिले. सुरुवातीला आडव्या रेघेवर उभी रेघ. आम्हाला वाटले नागनिका. ती म्हणाली, "नाही, हे आत्याचे." भिंतीवर नसलेल्या माणसांची नावे लिहायला अशी कुठून तरी सुरुवात करावी लागते.